पिनआप्पा

पिनआप्पांसमोर ‘चार्जर बिघडला’ असं मोघम कुणी बोलू नये. ‘चार्जर की केबल?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. केबल म्हणावं, तर ‘कुठलं टोक? भिंतीकडचं की मोबाइलकडचं?’ मोबाइलकडचं म्हणावं, तर चष्मा कपाळावरून नाकावर उतरतो, केबल उजेडात धरली जाते आणि मग खरा प्रश्न येतो, ‘चार्जिंगला लावून, पोटावर ठेवून पिक्चर बघतोस का रे भो?’ समोरचा वरमतो. उत्तर नेहमी ‘हो’ असतं आणि आप्पांना ते आधीच माहीत असतं.

राखोली हे सिल्वासाहून मधुबन धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. इथून, म्हणजे नगर हवेलीतून, पोर्तुगीज १९५४ साली गेले, १९६१ साली प्रदेश रीतसर भारतात आला, पुढे करसवलतींच्या ओढीने कारखाने आले आणि कारखान्यांमागे माणसं आली. आप्पा धुळ्याकडून आले, एक पत्र्याची ट्रंक आणि आयटीआयचं वायरमनचं सर्टिफिकेट घेऊन. यार्न टेक्श्चरायझिंगच्या एका कंपनीत ते मेंटेनन्सला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. म्हणजे कंपनीतून निवृत्त झाले. मेंटेनन्समधून झाले नाहीत, ही आमच्या कॉलनीची सोय आहे आणि आमच्या कॉलनीची अडचणही आहे.

‘पिनआप्पा’ हे नाव पोरांनी ठेवलं. जुन्या मॉनिटरच्या निळ्या टोकाच्या व्हीजीए केबलमध्ये १५ पिनांची जागा असते. त्यातली एक वाकली की पडद्यावरचा एक रंग जातो आणि क्रिकेटचं हिरवं मैदान जांभळं दिसायला लागतं. आप्पा बॉलपेनची रिकामी रिफिल त्या वाकल्या पिनेवर चढवत, श्वास रोखून ती सरळ करत आणि दोन्ही बाजूंचे स्क्रू आवळताना न चुकता म्हणत, ‘हे स्क्रू आवळायचा लोकांना कंटाळा. पण कुणाचा पाय अडकला तर केबल निसटायला नको म्हणून दिलेत. आता पाय अडकला की केबल निसटत नाही, अख्खा मॉनिटर खाली येतो. काहीतरी एक निवडावं लागतं.’

काहीतरी एक निवडावं लागतं, हे आप्पांचं पालुपद. त्यांच्या घरातलं गोदरेजचं कपाट बघितलं तर मात्र त्यांनी स्वतः काहीच निवडलेलं नाही हे लक्षात येतं. खालचे तीनही कप्पे केबल्सचे. कंपनीतून आणलेल्या सुताच्या रिकाम्या पेपर ट्यूबवर प्रत्येक केबल गुंडाळलेली आणि प्रत्येक ट्यूबवर चिठ्ठी. ‘चालू’, ‘चालू, पण धरून ठेवावी लागते’, ‘संशयित’, आणि सर्वांत मोठा वर्ग ‘बंद, पण टोक चांगलं’. प्रिंटरची २५ पिनांची जाडजूड केबल तिथे आहे. तो प्रिंटर केव्हाच भंगारात गेला. कीबोर्डची जांभळी आणि माउसची हिरवी गोल टोकं आहेत. ३० पिनांची, पट्टीएवढी रुंद आयफोनची केबल आहे, आणि आप्पांच्या सात पिढ्यांत कुणी आयफोन वापरलेला नाही. ‘कधी लागली तर?’ असं ते म्हणतात. लागत नाही. पण कॉलनीत कुणाला काही लागलं तर आप्पांकडे ते असतं आणि त्यासोबत प्रवचनही असतं. प्रवचन ऐकल्याशिवाय केबल मिळत नाही.

प्रवचनांतलं पहिलं, चपट्या यूएसबीचं. ती लावायला जावी तर जात नाही, उलटी केली तरी जात नाही आणि परत पहिल्यासारखी धरली की जाते, हा अनुभव घेतल्याशिवाय या पृथ्वीवरून कुणी गेलेलं नाही. लोक मग ती बनवणाऱ्याचा उद्धार करतात. आप्पांना ते खपत नाही. यूएसबीमागच्या इंजिनिअरांत अग्रणी अजय भट्ट. मूळचे वडोदऱ्याचे, तिथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून शिकून अमेरिकेत इंटेलमध्ये गेलेले. ‘वापीला गाडीत बसलास की थेट त्यांच्या गावात उतरशील,’ आप्पा सांगतात. ‘आणि सयाजीराव महाराज कुठले? मालेगावजवळच्या कौळाण्याचे. म्हणजे धुळ्याच्या शेजारचे. तेव्हा यूएसबीचं आजोळ आमच्याकडचं आहे. तिला बोलायचं काम नाही.’

वंशावळ झाली की मुद्दा येतो. यूएसबीचं पहिलं स्पेसिफिकेशन जानेवारी १९९६ मधलं. तेव्हा कॉम्प्युटरच्या मागे प्रत्येक वस्तूला वेगळं भोक असायचं आणि ती सगळी जाऊन एकच भोक यावं, असा बेत होता. दोन्ही बाजूंनी लागेल असं टोक करायचं तर तारा दुप्पट, सर्किट दुप्पट आणि खर्चही दुप्पट. भट्टांनी पुढे हे स्वतः सांगितलं आहे. ही वस्तू कंपन्यांना महाग पडली असती तर कुणी लावलीच नसती. म्हणून चार पिना, एकच बाजू, स्वस्त काम. ‘पैसे त्यांचे वाचले,’ आप्पा बोट उगारून म्हणतात, ‘आणि मनगट तुझं वळलं. पण ते अर्धा वळसा वळलं म्हणून ती वस्तू गल्लीतल्या दुकानात मिळायला लागली. आता बोल, महाग कुणाला पडलं?’ समोरचा काही बोलत नाही. त्याला पेन ड्राइव्ह लावायचा असतो.

पण आप्पांचा मूळ सिद्धान्त हाच आहे. जगात त्रास नाहीसा होत नाही, तो कुणाच्या तरी वाट्याला टाकलेला असतो. चांगलं डिझाइन म्हणजे तो कुणाच्या वाट्याला टाकायचा हे डोकं लावून ठरवणं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून भांडण पेटलं की तेही आप्पा याच वळणावर नेतात. ‘त्रास राहणारच आहे. तो रोज गाडी काढणाऱ्याला द्यायचा की महिन्यातून एकदा काढणाऱ्याला, तेवढं ठरवा.’ सेक्रेटरी गुजराती, खजिनदार उत्तर प्रदेशातले आणि अर्धी मीटिंग हिंदीत चाललेली. आप्पा तिन्ही भाषांत हे सांगतात. गाड्या तरीही होत्या तिथेच राहतात.

सिद्धान्ताला ते पुरावे देतात ते मात्र पक्के. घरातली तीन पिनांची वायर उचलून ते विचारतात, ‘वरची पिन लांब का?’ अर्थिंगची ती पिन लांब आणि जाड असते. लांब असल्याने ती सर्वांत आधी लागते आणि सर्वांत शेवटी सुटते. म्हणजे करंट पोचायच्या आधी इस्त्रीचं अंग जमिनीला जोडलेलं असतं. जाड असल्याने ती करंटच्या भोकात चुकूनही शिरत नाही. ‘थोडं पितळ जास्त गेलं आणि माणूस वाचला,’ आप्पा म्हणतात. मग चपटी यूएसबी उजेडात धरून दाखवतात. तिच्या चार पट्ट्यांपैकी कडेच्या दोन जरा पुढे आलेल्या. त्या विजेच्या. मधल्या दोन मागे, त्या माहितीच्या. म्हणून चालू कॉम्प्युटरला वस्तू लावली की आधी वीज मिळते आणि मग बोलणं सुरू होतं. ‘आधी पोटाला, मग गप्पा. आमच्या खान्देशात पाहुण्याला हेच करतात.’

सिद्धान्ताचा कळस मायक्रो यूएसबीत आहे. २००७ साली आलेलं हे बारकं टोक कधी सैल पडून हलायला लागेल याचा नेम नाही, अशी सगळ्यांची तक्रार. आप्पांच्या मते ती तक्रार नसून पावती आहे. घट्ट धरून ठेवणारे बारीक स्प्रिंग आधीच्या रचनेत यंत्राच्या भोकात असत. मायक्रोत ते केबलच्या टोकात नेले. कारण घासून काहीतरी झिजणारच. ते शंभर रुपयांच्या केबलमध्ये झिजावं, दहा हजारांच्या मोबाइलमध्ये नाही. ‘केबल मरते म्हणून मोबाइल जगतो. झीज कायम स्वस्त बाजूला टाकायची. हे वाक्य वहीत लिहून घे.’ चपटी यूएसबी १५०० वेळा काढघाल करण्याच्या हिशेबाने केलेली असते आणि मायक्रो १०,००० वेळा. रोज एकदा लावली तर पहिली चार वर्षांच्या वर चालावी आणि दुसरी सत्तावीस. मग आपली केबल सहा महिन्यांत का जाते, असं कुणी विचारलं की आप्पांची नजर पुन्हा त्याच्या पोटाकडे जाते.

या धीराच्या माणसाला हल्ली सी टाइपने बेचैन केलं आहे. वास्तविक आप्पांनी नाचायला हवं होतं. २०१४ साली आलेलं हे टोक दोन्ही बाजूंनी लागतं. आत २४ पिना, वर-खाली अशा उलटसुलट मांडलेल्या की कसंही धरा, ज्याचं त्याला मिळतं. त्यातल्या दोन बारीक पिनांवरून तर केबल कोणत्या बाजूने लागली हेही कळतं. भट्टांना १९९६ साली न परवडलेला खर्च अठरा वर्षांनी परवडला. युरोपने तर कायदाच केला आणि २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या मोबाइलला चार्जिंगचं सी भोक सक्तीचं झालं. त्याआधीच, २०२३ मध्ये, आयफोननेही आपलं आठ पट्ट्यांचं टोक सोडलं. आता जगभर एकच तोंड.

‘तिथंच घोळ आहे,’ आप्पा म्हणतात. कॉलनीत भाड्याने राहणारा इंजिनिअरिंगचा एक मुलगा त्यांच्याकडे लॅपटॉप घेऊन आला. केबल लागते, लाइट लागतो, पण बॅटरी चढायच्या ऐवजी हळूहळू उतरते. आप्पांनी त्याच्यासमोर दिसायला एकसारख्या चार केबल्स ठेवल्या. एक मुख्यतः चार्जिंगची, माहितीला जुन्या ४८० मेगाबिटचाच वेग देणारी. एक जास्त वेगाची, पण आखूड, कारण वेग वाढवला की लांबी कमी करावी लागते. एक ३ अँपिअरची. आणि एक ५ अँपिअरची, तिच्या टोकात एक बारकी चिप आणि ती चिप चार्जरला सांगणार की मी एवढा भार उचलू शकते. चौघींची तोंडं तंतोतंत सारखी. ‘पूर्वी सोयरीक जुळणार नसेल तर दारातच कळायचं. भोकच वेगळं. जायचंच नाही,’ आप्पा म्हणाले. ‘आता सगळ्यांचं सगळ्यांशी लग्न लागतं. संसार होत नाही, हे मागाहून कळतं.’ मुलाने विचारलं, मग यात कुणाच्या वाट्याला टाकला त्रास? आप्पा पहिल्यांदाच थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘विकत घेणाऱ्याच्या. खोक्यावरची बारीक अक्षरं वाचायचा.’ त्या दिवसापासून आप्पांच्या सी केबल्सना रंगीत सुतळी बांधलेली असते. लाल म्हणजे पाच अँपिअर, हिरवी म्हणजे तीन. जगाने काढून टाकलेला फरक आप्पांनी आपल्या कपाटापुरता परत आणला.

तांब्याच्या बाबतीत ते पोलीस आहेत. सोसायटीत कॅमेरे बसवायचे ठरले तेव्हा एका ठेकेदाराने निळ्या लॅन केबलचं बंडल आणलं. आप्पांनी खिशातून ब्लेड काढलं, टोक सोललं आणि तार खरवडली. वर तांबूस, आत पांढरट. अॅल्युमिनियमवर चढवलेला तांब्याचा मुलामा. स्वस्त पडतो, हलका असतो, पण तांब्याइतकी वीज वाहत नाही आणि दोन-चारदा वाकवला की तुटतो. त्याच केबलमधून कॅमेऱ्याला वीजही जायची होती. ठेकेदार म्हणाला, सगळीकडे हेच चालतं. आप्पा म्हणाले, ‘चालतं. पहिल्या पावसापर्यंत.’ इथला पाऊस ठेकेदारालाही माहीत होता. दुसरं बंडल आलं. पण आप्पांची करामत तिथे थांबली नाही. त्यांनी आतल्या तारांच्या चार जोड्या सगळ्यांना उलगडून दाखवल्या. प्रत्येक जोडीला पीळ, आणि प्रत्येक जोडीचा पीळ वेगळ्या मापाचा, म्हणजे शेजारणीचं बोलणं हिच्यात शिरत नाही. ‘टोक बसवताना आळशी माणूस पीळ हातभर उकलतो, काम सोपं होतं म्हणून. सोय त्याची, आणि कॅमेरा आमचा अडकत बसणार.’ ठेकेदाराच्या पोराने त्या दिवशी सगळी टोकं बोटभर जागेत, पीळ सांभाळून बसवली. आप्पा त्याच्या मागे स्टूल घेऊन बसले होते.

एकदाच काय ते आप्पांना मी विद्यार्थ्याच्या भूमिकेत पाहिलं. कॉलनीत फायबरचं इंटरनेट आलं आणि एका घरी ते काही केल्या चालेना. आप्पांनी सवयीने सगळी टोकं हलवून पाहिली. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचा, खानवेलकडचा एक वारली मुलगा शिफ्ट संपवून आला. तो केबलच्या कारखान्यात कामाला. त्याने एक नजर टाकली आणि म्हणाला, ‘आप्पा, हिरव्याला निळं लावलंय.’ हिरव्या टोकातली काच ८ अंशांच्या कोनात घासलेली असते, आदळून परतणारा प्रकाश आल्या वाटेने मागे जाऊ नये म्हणून. निळ्याची सरळ असते. दोन्ही एकमेकांत बसल्यासारखी वाटतात, पण काचेला काच टेकत नाही आणि मधल्या फटीत प्रकाश वाया जातो. ‘म्हणजे रंग दिलाय, पण अडवत कुणी नाही,’ आप्पा पुटपुटले. त्या मुलाने खिशातून फायबर केबलचा एक तुकडा काढला आणि सोलून आप्पांच्या हातात दिला.

आप्पांचा चेहरा मी विसरणार नाही. राखोलीतच मधुबन धरणाच्या रस्त्यावर स्टरलाइटची ऑप्टिकल फायबर केबल बनते, हे त्यांनी येता-जाता गेटवरून वाचलेलं. ती केसासारखी काच, १२५ मायक्रॉन जाडीची, त्याच कंपनीत संभाजीनगरजवळच्या वाळूजला ओढली जाते, हेही त्यांना ऐकून माहीत होतं. पण केबलच्या आत काय असतं हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आत सूत होतं. एक पिवळं अरामिडचं, ताण स्वतःवर घेऊन काचेला वाचवणारं. एक पाणी लागताच फुगून वाट बंद करणारं. मुलगा सांगत होता, पूर्वी पाणी अडवायला नळ्यांभोवती सगळी चिकट जेली भरायचे. पाणी अडायचं, पण जोड करणाऱ्याचे हात बरबटायचे आणि ती पुसण्यात वेळ जायचा. आता बऱ्याच केबल्समध्ये हे कोरडं सूत असतं. आणि आतल्या नळ्या? त्या काही वळसे एका बाजूला आणि काही वळसे उलट्या बाजूला, अशा गुंडाळलेल्या. त्यामुळे केबल मध्येच उघडली तरी हाताला थोडी ढील मिळते.

‘एस आणि झेड!’ आप्पा ओरडले. टेक्श्चरायझिंगच्या मशीनवर सुताला एस पीळ देतात किंवा झेड पीळ देतात, आणि आप्पांचं आयुष्य ते दोन पीळ एकमेकांत मिसळू नयेत हे बघण्यात गेलं होतं. इथे दोन्ही एकाच केबलमध्ये मुद्दाम घातलेले. ‘म्हणजे मी सुताच्या कंपनीत नव्हतो रे,’ ते त्या मुलाला म्हणाले, ‘मी केबलच्याच लाइनीत होतो!’ मुलाने समजूतदारपणे मान हलवली. आप्पांनी तो तुकडा घरी नेला आणि अरामिडचं सूत कापून बघायला हाताला लागली ती कात्री घेतली. अरामिड साध्या कात्रीला दाद देत नाही, त्याला वेगळी कात्री लागते. ती कात्री काकूंची भाजी चिरायची होती.

काकूंबद्दल सांगायचं राहिलंच. आप्पा केबल गुंडाळतात एक वळसा सुलट आणि एक वळसा उलट, म्हणजे तिच्यात पीळ साचत नाही आणि उघडताना गाठ पडत नाही. काकू गुंडाळतात कोपर आणि अंगठ्याभोवती, गरागरा, आणि वर त्याच टोकाने आवळून गाठ. या विषयावर त्या घरात कित्येक वर्षं शीतयुद्ध आहे. काकूंची बाजू साधी होती. तीन कप्पे केबल्सचे, आणि त्यांच्या साड्या पलंगाखालच्या बॅगेत. दिवाळीच्या साफसफाईत ती बॅग ओढताना त्यांची पाठ धरली, त्याच आठवड्यात कात्री बोथट झाली, आणि काकू समोर येऊन बसल्या. त्या दिवशी मी तिथे ‘चालू, पण धरून ठेवावी लागते’ वर्गातली एक केबल परत करायला गेलो होतो.

‘अहो, ते तुमचं वाक्य काय आहे? वहीत लिहून घ्या म्हणता ते?’

आप्पा खुलले. बायकोने आपणहून सिद्धान्त विचारला होता. ‘झीज कायम स्वस्त बाजूला टाकायची.’

‘म्हणजे घासून कुणीतरी झिजणारच असेल तर?’

‘तर महाग वस्तू वाचवायची. डिझाइनचा पायाच आहे तो.’

‘मग या घरात महाग कोण? मी की तुम्ही?’

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी केबलची चिठ्ठी वाचत राहिलो. प्रामाणिक मेंटेनन्सवाल्यासारखा त्यांनी क्षणभर खराच हिशेब केला असावा. ज्याच्या बंद पडण्याने घर बंद पडतं ती बाजू कोणती, एवढंच त्यात बघायचं होतं. ‘तू,’ ते म्हणाले.

‘मग उद्यापासून दूध, भाजी, गिरणी आणि नातवाला बसपर्यंत सोडणं तुमच्याकडे. कपाटातला मधला कप्पाही मला. सिद्धान्त तुमचाच आहे, मी नुसती जोडणी केली.’

आप्पांनी विरोध केला नाही. उलट डिझाइन बरोबर आहे, असं ते ज्याला त्याला सांगत सुटले. मधल्या कप्प्यातला ‘बंद, पण टोक चांगलं’ हा वर्ग त्यांनी कॉलनीत वाटून टाकला आणि जाताना प्रत्येकाला तो कुठे वापरता येईल हेही समजावलं. त्यामुळे आता आमच्या घरोघरी एकेक न चालणारी केबल आहे. आणि रोज सकाळी राखोलीच्या बाजारात एक सडपातळ गृहस्थ कापडी पिशवी घेऊन दिसतात. मेथी निवडतानाही ते जुडी वाकवून बघतात. कोथिंबीर विसरली म्हणून परवा ते दुसऱ्यांदा निघाले होते. मी जिन्यात विचारलं, ‘आप्पा, परत?’

‘स्वस्त बाजू मी आहे ना भो,’ पिशवी झटकत ते म्हणाले. ‘मी तिला विचारलं, माझं रेटिंग किती फेऱ्यांचं? १५०० का? तर म्हणते, मायक्रोचं धरा.’